पलीकडचा दिवा

त्याला सगळे कवळीवाला म्हणत. दातांच्या दवाखान्यांना कवळ्या करून देणाऱ्या एका लहानशा कारखान्यात तो कामाला होता. "लोकांच्या तोंडी लागून पोट भरतो," असं तो स्वतःच म्हणायचा आणि समोरचा हसायच्या आधी स्वतः हसून घ्यायचा. दिवसभर मेण, प्लास्टर आणि बारीक कानस. घरी यायचा तेव्हा भुवयांवरसुद्धा पांढरी पूड असायची. बायको दारातच म्हणायची, "आधी तोंड धू, म्हातारा दिसतोयस."

बायको मोठ्या हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर बसायची. एक्स-रे कुठं, डावीकडे. रक्त तपासायचं कुठं, वर जा, मग उजवीकडे. लोक घाबरलेले असायचे, एकदा सांगून त्यांना कळायचं नाही. काही जण दोन पावलं जाऊन परत यायचे आणि तेच विचारायचे. ती कधी वैतागायची नाही, पण घरी आली की अर्धा तास तिच्याशी बोलायची सोय नसायची.

त्यांच्या घरात गेम आला तो पुतण्यामुळं. तो नोकरीसाठी दुसऱ्या गावी निघाला तेव्हा खोक्यात भरून सगळं यांच्याकडे ठेवून गेला आणि मग न्यायचं विसरलाच. एका रविवारी कवळीवाल्यानं सहज ते टीव्हीला जोडलं. एक भलंमोठं बेट होतं. डोंगर, नद्या, पडकी गावं, आणि हातात काठी घेतलेला एक प्रवासी. कोपऱ्यात गोल नकाशा, आणि जमिनीवर एक सोनेरी बाण, जिकडे जायचं तिकडे तोंड करून.

बायको भाजी निवडत शेजारी बसली होती. थोडा वेळ बघून म्हणाली, "हा बाण कशाला?"

"वाट दाखवायला."

"दिवसभर मी हेच करते. घरी तरी नको. काढता येतो का तो?"

त्यानं शोधाशोध केली. काढता येत होता. नकाशाही काढता येत होता. दोन्ही गेल्यावर बेट एकदम मोठं झालं, आणि प्रवासी बिचारा मेळ्यात हरवलेल्या पोरासारखा मधोमध उभा राहिला.

"आता कुठं?" त्यानं विचारलं.

"त्या झाडापर्यंत जाऊन बघ."

तिथून सुरुवात झाली. कंट्रोलर तिनं कधी हातात घेतला नाही. ती सांगायची आणि तो चालवायचा. ओढ्याच्या काठाकाठानं जा. धूर दिसतोय, कुणीतरी राहत असेल. तो डोंगर मघाशी उजवीकडे होता, आता डावीकडे कसा, म्हणजे आपण फिरून तिथंच आलो. चुकणं तर रोजचंच होतं, आणि चुकलं की ती खुशीत यायची. खिडकीतून बोलणारी ती बाई ही नव्हेच, असं त्याला वाटायचं.

खुणा लक्षात राहाव्यात म्हणून त्यांनी जागांची नावं ठेवली. एका डोंगराच्या माथ्यावर कायम काळे ढग असायचे, तो झाला जाऊबाईंचा डोंगर. एका माळावर काही म्हणजे काहीच घडायचं नाही, त्याला मामंजींची डुलकी म्हणायचं ठरलं. एकदा मोठ्या जाऊबाई घरी आल्या असताना तो बोलता बोलता म्हणून गेला, "काल जाऊबाईंवर चढताना पाय घसरला," आणि बायकोला हसू लपवायला स्वयंपाकघरात पळावं लागलं.

आणि एक दिवा होता. बेटाच्या दक्षिण टोकाला उभं राहिलं की खाडीपलीकडे, पार लांब, एक दिवा लुकलुकताना दिसायचा. तिला तो पहिल्या दिवसापासून आवडला होता. तिकडे जायची वाट काही सापडत नव्हती. एकदा जुनी होडी मिळाली, ती अर्ध्यावर बुडाली. एकदा दरीतून जाता येईल असं वाटलं. तो म्हणाला, "चल, आज लावू तड." ती म्हणाली, "आज नको. राहू दे शिल्लक. जाऊ सावकाश."

असं वर्ष गेलं असेल. मग तिच्या ताईचं ऑपरेशन ठरलं आणि ती महिनाभर ताईकडे राहायला गेली.

कारखान्यात एक रंगारी होता. प्रत्येकाच्या दातांचा रंग वेगळा असतो, तो हुबेहूब जुळवायचं काम त्याच्याकडे. तोही हाच गेम खेळला होता. एकदा डबा खाताना त्यानं विचारलं, "कुठवर आलात?"

"खाडीपर्यंत."

"खाडी? अहो, ती तर सुरुवात. मी पंधरवड्यात संपवला. बाणामागं जायचं, सरळ पोचतो."

"आम्ही बाण बंद केलाय."

"मग खेळता काय, फिरायला जाता होय?"

बाकीचे हसले. कवळीवाला पण हसला. खरं तर "हो, फिरायला जातो" एवढं म्हणायचं होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण त्याला ते बोचलं. घरी आला तर घर रिकामं. फोनवर बायको ताईच्या टाक्यांविषयी बोलली आणि लवकर ठेवते म्हणाली. त्यानं टीव्ही लावला आणि, नुसतं बघू तरी म्हणून, बाण चालू केला.

बाणानं त्याला जाऊबाईंच्या डोंगराच्या मागून एका घळीत नेलं. ती घळ त्यांनी कितीदा ओलांडली होती, आत वाट असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. घळीतून भुयार, भुयारातून पूल, पुलापलीकडे तो दिवा, आणि बाण तिथूनही पुढं. आठवडा संपायच्या आत गेम संपला. शेवटी पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकत गेली आणि तो ती वाचत बसला, कारण दुसरं काही करायला नव्हतं. रंगाऱ्याला त्यानं सांगितलं. रंगारी म्हणाला, "बघा, म्हटलं नव्हतं?" आणि तिथं तो विषय संपला. बढाई मारण्याची जी हौस होती ती एवढ्यात भागली.

बायको परत आली. थकली होती, पण दोन दिवसांनी स्वतःहून म्हणाली, "लाव की आपलं बेट." दोघं मिळून जिथवर आले होते तो टप्पा त्यानं गेममध्ये वेगळा जपून ठेवला होता. बाण बंद केला, नकाशा बंद केला, आणि काही झालंच नाही अशा थाटात बसला.

"त्या घळीत कधी गेलोच नाही आपण," ती म्हणाली.

तो म्हणाला, "नाही ना. बघू या."

घळीत पाचोळा पसरला होता. प्रवासी चालत गेला आणि मध्येच उडी मारून पुढं उतरला. मागं पाचोळा खचला आणि खाली काळा खड्डा दिसला.

बायकोनं विचारलं, "तुला कसं कळलं तिथं खड्डा आहे?"

खोटं बोलता आलं असतं. अंदाज आला म्हणता आलं असतं. पण त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असायचं, आणि ते वाचायची तिला सवय होती.

"जाऊन आलास होय तू," ती म्हणाली.

"तू नव्हतीस ना. कंटाळा आला होता."

"दिव्यापर्यंत?"

"हो."

ती रागावली नाही. उलट जरा पुढं सरकून बसली. "मग सांग तरी. काय होतं तिथं?"

"एक तलवार होती. पेटीत."

"आणि?"

त्यानं आठवून पाहिलं. जिना होता एवढं आठवत होतं. वर खिडकी होती का? दिवा कसला होता, तेलाचा, काचेचा? कुणी राहत होतं का? तिथून हे सगळं बेट दिसत असेल, माळ, खाडी, यांनी चुकत माकत तुडवलेल्या सगळ्या वाटा. तो तिथं उभा राहिला होता आणि त्यानं मान वर करून पाहिलंच नव्हतं. पेटी उघडल्याबरोबर बाण पुढं गेला होता आणि हाही त्याच्यामागं गेला होता.

"आणखी काही नाही," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळानं उठली आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली.

त्यानंतर ती गेमसमोर बसली नाही. बसणार नाही असंही कधी म्हणाली नाही. तो विचारायचा तेव्हा काहीतरी काम असायचं, आणि काम खरोखरच असायचं. त्यानं दुसरा गेम आणला, मग तिसरा, चांगले निवडून, बाण नसलेले. ती एखादी संध्याकाळ शेजारी टेकली, पण ताईशी फोनवर बोलत. मध्येच पडद्याकडे बघून "छान आहे," म्हणाली. एकदा त्यानं कंट्रोलर तिच्याच हातात दिला. "तू चालव. मी नुसता बसतो." तिनं प्रयत्न केला. प्रवासी भिंतीला धडकत राहिला, तिला गरगरल्यासारखं झालं, दोघं हसले आणि तिनं तो खाली ठेवला.

संसार व्यवस्थित चालला. भांडणं झाली ती दुसऱ्याच गोष्टींवरून, गळक्या नळावरून, त्याच्या घोरण्यावरून. पण कामावर प्लास्टर घट्ट व्हायची वाट बघत बसला की त्याच्या मनात तेच यायचं. महिनाभर थांबायला काय हरकत होती? रंगाऱ्याला हसून "हो" म्हणायला काय हरकत होती?

बऱ्याच वर्षांनी, दोघं खिडकीशी चहा पीत बसले असताना, त्यानं ते बोलून टाकलं. "त्या वेळी मी तुझ्याशिवाय जायला नको होतं."

ती कुठं, कधी, असं विचारेल, असं त्याला वाटलं होतं. तिनं विचारलं नाही. तिला लगेच कळलं.

"अरे, खेळ होता तो," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

ती समजूत घालत होती हे त्याला कळत होतं. त्यापेक्षा तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. चहा निवत आला होता. ती कप उचलून आत गेली आणि आतून तिनं विचारलं, उद्या डब्याला काय देऊ. तो म्हणाला, काहीही चालेल.