पिशवीतली बाटली

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. चर्चमध्ये प्रभुभोजनाआधी आम्ही लुथरन ख्रिस्ती लोक सगळे मिळून पापांची कबुली देतो — विचाराने, शब्दाने, कृतीने — तेव्हासुद्धा मी हे बाजूला ठेवते आणि बाकीचं मोघम म्हणून टाकते. मोघम कबुलीचं बरं असतं. तिच्यात कुणाचं नाव घ्यावं लागत नाही.

तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर सांगितलं असतं का? नसतं.

मी नर्स. सफाळ्याकडच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात नोकरी, राहायला पालघरला, नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत स्टोअरकीपर. संशय हा माझ्या कामाचाच भाग आहे. ‘गोळी घेतली’ म्हणणाऱ्या माणसाला मी जीभ वर करायला लावते. गोळी बहुतेक वेळा तिथेच असते. माणसं लपवतात, हे मी धरूनच चालते आणि फारशी चुकत नाही. या सवयीचा मला अभिमान होता. होता म्हणते — अजूनही थोडा आहे.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, बोईसरला भरायची, पिठाच्या गिरणीवरच्या भाड्याच्या हॉलमध्ये. रविवारीही गिरणी चालायची, आणि प्रार्थनेला गुडघे टेकले की खालची थरथर गुडघ्यांत यायची. कारखान्यांच्या निमित्ताने ठिकठिकाणचे लुथरन इथे गोळा झाले होते. बिहारच्या छोटानागपूरचे आदिवासी, आंध्रचे लोक, आणि आमच्यासारखी दोन-चार मराठी घरं — विदर्भाच्या टोकाकडची, मिशनऱ्यांच्या काळापासूनची. उपासना हिंदीतून. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, मुंबईहून महिन्यातून एकदा यायचे, पण पहिल्या जानेवारीला मात्र हटकून. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी ज्याने प्याला घेतला, त्याचंच वर्ष सुरू झालं, असं आमच्यात मानायचे. असं कुठल्याही पुस्तकात नाही. पण आजारी माणसंसुद्धा रिक्षा करून यायची.

प्याला म्हणजे द्राक्षरसाचा. एकच प्याला, सगळ्यांना. आमच्या शेजारची वसईकडची कॅथलिक बाई मला सांगायची, त्यांच्याकडे लोकांना फक्त भाकर देतात, प्याला फादर घेतात. मी ऐटीत म्हणायचे, आमच्यात तसं नाही. आमच्यात प्याल्यावर प्रत्येकाचा हक्क. याच्यासाठी आमचे लोक भांडून वेगळे झालेत. 

तो रस मी करायचे. काळ्या मनुका उकळायच्या, रस गाळायचा, गार करून बाटलीत भरायचा. वेदीवरचं कापड, प्याला, प्याल्याची कड पुसायचा रुमाल — सगळं माझ्याकडे. नर्सच्या हातचं स्वच्छ असणार, असं सगळे म्हणायचे.

एलिसबा मंडळीत नवीन आली. साल शहाऐंशी असेल. नवराबायको दोघंही रसायनांच्या एकाच कारखान्यात. ती भरण्याच्या खात्यात, पावडरीच्या गोण्यांवर. बरोबर तीन-साडेतीन वर्षांची मुलगी, फूलो. आईला चिकटलेली, आईच्या बोटाशी खेळत बसणारी. एलिसबाचा गळा चांगला होता. तिने गायला सुरुवात केली की गिरणी ऐकू यायची नाही.

नाताळच्या आदल्या रविवारी मी तिला गीतांचं पुस्तक दिलं. तिने हात पुढे केला आणि लगेच पदराखाली ओढून घेतला. मी पाहायचं ते पाहिलं होतं. बोटांवर आणि मनगटावर पांढरे चट्टे. लपवते का? — हाच पहिला विचार. चट्टे काय आहेत, हा नंतरचा.

तुम्ही म्हणाल, नर्सला संशय येणारच. बरोबर. पण संशय आल्यावर काय करायचं, हे मला सरकारने शिकवलेलं होतं. बाईला डोळे मिटायला सांगायचं, कापसाच्या टोकाने चट्ट्याला स्पर्श करायचा आणि विचारायचं — कळलं का? कळलं तर बहुतेक काळजीचं कारण नाही. इतकं सोपं. कापूस माझ्या पर्समध्ये असायचा. मी तो काढला नाही. का? एकतर चारचौघांत कसं करायचं, असं वाटलं. दुसरं — आणि हे जास्त खरं — मला जे वाटलं होतं, त्याची मला खात्री होती. 

मी सतरंजीवर शेजारी बसलेल्या बाईला एवढंच म्हटलं, “हिच्यापासून पोरांना जरा लांब ठेवा.” रोगाचं नावसुद्धा घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. नाताळापर्यंत ‘महारोग’ हे नाव सगळ्या मंडळीच्या तोंडी झालं होतं, फक्त तिच्यासमोर नाही. लोक तिचे हात बघायचे. मग माझ्याकडे बघायचे. मी काही बोलत नाही, यावरूनच त्यांची खात्री पटायची.

आंध्रच्या एक आजीबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “सिस्टर, कप तो एकीच है ना? हम सब का मुँह उसी में जाता।”

“मैं देखती हूँ,” मी म्हणाले.

पाहा — पाळकांना विचारायचं हे काम. पण पाळकांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, आधी तपासा. त्यांना न विचारता ते काम मी माझ्याकडे घेतलं, आणि घेताना मला बरं वाटलं. प्याल्याने असला रोग पसरतो, असं मला कुणीही शिकवलेलं नव्हतं. उलटंच शिकवलं होतं. गावोगाव जाऊन मी स्वतःच सांगत होते — घाबरू नका, वाळीत टाकू नका. पगार त्याचाच होता.

पहिल्या जानेवारीला मी प्याल्यात रस कमी ओतला. कडेवर मूल घेऊन येणाऱ्या बाया आमच्यात सगळ्यांत शेवटी पुढे यायच्या, आणि त्या दिवशी तशी एकटी एलिसबाच होती. कितीजण आलेत ते मला माहीत, एकेकजण केवढा घोट घेतो तेही माहीत. शेवटच्या माणसाला पुरणार नाही इतपतच ओतला. उरलेली बाटली टेबलाखाली माझ्या पिशवीत, टॉवेलखाली ठेवली.

ती गुडघ्यांवर आली. तिच्या गावाकडे उपाशीपोटी प्रभुभोजन घेतात, म्हणून सकाळपासून तिने पाणीही घेतलं नव्हतं — हे तिनेच जिन्यात हसत सांगितलं होतं. भाकर मिळाली. मग तिने तोंड वर केलं आणि थांबली. पाळकसाहेबांनी प्याला तिरका करून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाले, “सिस्टर, और है?”

मी मान हलवली. “खतम हो गया।”

खाली गिरणी चालू होती. पाळकसाहेब घोटाळले. त्यांनी रिकामा प्याला तिच्या कपाळाला लावला आणि आशीर्वाद म्हटला. ती उठली. जाता जाता — हे मला नको होतं — माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, “कोई बात नहीं दीदी। अगली बार।” माझ्याकडून अंदाज चुकला, म्हणून मला वाईट वाटत असेल, असं तिला वाटलं होतं.

घरी येऊन मी पहिल्यांदा दंड साबणाने धुतला. बाटलीतला रस मुलांनी संध्याकाळी सरबत म्हणून प्यायला.

त्या दिवशी उपासनेनंतरच्या जेवणासाठी एलिसबाने डबाभर अरसे आणले होते, तांदळाचे आणि गुळाचे, त्यांच्याकडे सणाला करतात ते. डबा पंगतीत फिरला आणि भरलेलाच परत आला. सिस्टर घाबरल्या असं कुणी म्हणू नये, म्हणून मी सगळ्यांच्या देखत दोन उचलले आणि कागदात बांधून घेतले. ते शेजाऱ्यांच्या कोंबड्यांनी खाल्ले.

आम्ही तिला कधीही काढून टाकलं नाही. हे मंडळीतलं कुणीही शपथेवर सांगेल. आम्ही फक्त सरकून बसलो. ती सतरंजीवर बसली की दोन्हीकडची सतरंजी रिकामी व्हायची. फूलो इकडून तिकडे धावायची, आणि ज्या मुलांकडे ती धावायची, त्यांच्या आया त्यांना मांडीवर घ्यायच्या. ईस्टरनंतर तिघंही यायची थांबली. कुणी विचारलं नाही. मीही नाही. गाणी पुन्हा पहिल्यासारखी बेसूर झाली.

इथवर मी सांगू शकते. रात्री स्वतःशी इथवर तर अनेकदा आले आहे. इथे थांबलं की मी एक भित्री, संशयी बाई ठरते, आणि तेवढं मला चालतं. पण पुढे अजून आहे.

पावसाळा संपता संपता आमच्या केंद्रात तीन बाया आल्या. डोंगराकडच्या पाड्यांवरच्या, तारापूरला कामाला जाणाऱ्या. हात पुढे केले — बोटांवर, मनगटावर तसेच चट्टे. तीच जागा, तोच रंग. मी कापूस काढला. या वेळी काढला. डोळे मिटलेल्या तिघींनाही प्रत्येक स्पर्श कळला. एकीला तर गुदगुल्या होऊन हसू फुटलं.

“आमच्या खात्यातल्या समद्या बायांना हाय, बाई,” ती म्हणाली. “शेरातल्या बाया पैसे देऊन पावडर लावतात गोरं व्हायला. आमाला फुकाट भेटली!”

दुसरी तिला म्हणाली, “गप ग. नवरा वळखंल का तुला?”

खातं कुठलं, कारखाना कुठला, मी विचारलं. एलिसबाचाच. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, गोण्यांतल्या पावडरीने कातडीचा रंग उडतो. लागण नाही. दुसऱ्याला काही होत नाही.

म्हणजे त्याच दिवशी मला सगळं कळलं. येत्या रविवारी उभं राहून मंडळीला सांगायचं, एवढंच काम होतं. रविवार आला. त्या दिवशी पाळकसाहेब नव्हते, ते असताना सांगू असं ठरवलं. ते आले त्या रविवारी वेळ नव्हता. मग वाटलं, आता ती येतच नाही, तर जुनं उकरून काय होणार? कारणं मी रांगेने उभी करू शकते. मला सवय आहे, पेशंट रोज माझ्यासमोर करतात.

डिसेंबरात बोईसरच्या बाजारात मी मनुका घेत होते. मागून आवाज आला, “दीदी.”

एलिसबा होती. चार हात लांब उभी. पूर्वी जवळ येऊन बोलायची. दोन्ही हात पदराखाली, आणि वाळली होती. एकटीच होती. मी विचारायच्या आत तिनेच सांगितलं. लोक काय बोलतात, ते तिला कळलं होतं. कुणी सांगितलं, ते तिने सांगितलं नाही. खात्यातल्या बाकीच्या बायांनाही चट्टे उठले, ते आपल्याच हातांमुळे, असं तिने धरलं होतं. ती म्हणाली, दवाखान्यात जायला भीती वाटते, खरं निघालं तर कारखाना काढून टाकेल. “फूलो को गाँव भेज दिया, नानी के पास। मेरे हाथ का खाती थी, मेरे साथ सोती थी… रोते हुए गई।” मग म्हणाली, “आप तो नर्स हैं, दीदी। आप बताइए। ठीक किया ना?”

मला फक्त म्हणायचं होतं — तुला काहीही झालेलं नाही, पोरीला घेऊन ये. मला माहीत होतं. अंदाज नव्हे, माहीत होतं. तिघींचे हात मी स्वतः तपासले होते. पण ते म्हटलं की ती विचारणार — मग दीदी, सगळे असं का म्हणत होते? कुठून निघालं? आणि त्या दिवशी प्याला…? ती भोळी होती, मूर्ख नव्हती. चार हातांवरून ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला वाटलं हिला संशय आलाय. आजही मला ते ठरवता येत नाही. तिला खरंच संशय आला होता, की मी स्वतः तशी म्हणून मला तसं दिसलं?

मी म्हणाले, “हाँ। अच्छा किया।”

तिच्या खांद्यांतला ताण गेला. माझ्या डोळ्यांदेखत गेला. “आपने कह दिया तो मन को शांति मिली,” ती म्हणाली, आणि पदरातले हात न काढता कपाळ वाकवून मला नमस्कार केला. मी मनुका पिशवीत टाकल्या आणि पालघरच्या एसटीत चढले.

फूलो परत आली का? आईच्या हातचं पुन्हा जेवली का? मला माहीत नाही. तिच्या गावाकडची दोन कुटुंबं पुढेही बरीच वर्षं मंडळीत होती. त्यांची सुट्टीत गावाला ये-जा असायची, आणि दर रविवारी ही दोन्ही कुटुंबं माझ्याच रांगेत बसायची. मी त्यांना विचारलं नाही.