वाटेवरच्या गारा
लातूर जिल्हा वेगळा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. पावसाळ्यात पावसानं दडी मारलेली, आणि मार्चात एका दुपारी उदगीरजवळच्या गुंडप्पाच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, अर्धा तास गारा कोसळल्या. घरासमोरची वाट गुडघाभर गारांनी बुजली. गुंडप्पानं आपल्या छोट्या ट्रॅक्टरला पुढं लोखंडी फळी लावली आणि गारा रेटून कडेला ढीग घातला.

तेवढ्यात त्याची बायको नीलम्मा ओरडत आली. "अप्पा घरात न्हाईत! वासरू आणायला वाटंवर गेलते!"

गुंडप्पानं ट्रॅक्टर बंद केला. ढिगातून अप्पांच्या घोंगडीचं टोक दिसत होतं. म्हातारा बाप गारांच्या मारानं पडला असेल, आणि आपणच त्याला फळीनं... पुढचा विचार त्याला करवेना. दोघं नुसत्या हातांनी उकरू लागली. बोटं बधिर झाली. घोंगडी निघाली, ती रिकामी होती. तरी गुंडप्पा उकरतच राहिला.

"काय करायलास रं?" कडब्याच्या गंजीआडून वासराला धरून अप्पा येत होते. कपाळावर टेंगूळ होतं, बाकी धड होते. "वासराला घिऊन गंजीआड पळालो, घोंगडी वाटंवरच पडली."

उरलेली वाट गुंडप्पानं फावड्यानं मोकळी केली, तीही दर वेळी आधी हातानं चाचपून.