सुमनताईंचा खरा ठरलेला अंदाज

सुमनताई अंदाज सांगायच्या आणि तो हमखास चुकायचा. आळेफाट्याच्या चौकात ही गोष्ट चहावाल्यापासून ट्रकच्या क्लीनरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. टोमॅटो तेजीत जाणार असं त्या म्हणाल्या, की ऐकणारे घाईघाईने माल तोडून नारायणगावच्या बाजारात नेऊन टाकायचे. त्या ज्याला निवडून आणायच्या, त्याचं डिपॉझिट जायचं. नाशिकची गाडी आज वेळेवर आहे असं त्यांनी म्हटलं, तर मी गिऱ्हाइकाला खुशाल स्टूल पुढे करायचो. एवढं होऊन बाई कधी वरमल्या नाहीत. "माजा अंदाज बरोबरच व्हता," त्या म्हणायच्या, "बाजाराचंच कायतरी बिघडलं."

त्यांचं सायबर कॅफे आणि माझं स्पेअर पार्टचं दुकान यांच्यात एकच भिंत होती. त्या खुर्चीवर ऐसपैस बसून पोरांना दम देत, आणि तो दम मला माझ्या गल्ल्यावर ऐकू येई. नवरा ट्रकच्या अपघातात गेला, तेव्हा त्यांनी बोरी बुद्रुकच्या माहेरच्या जमिनीत आपला वाटा मागितला आणि त्यावर हे कॅफे उभं केलं. आमच्याकडे बहिणीने हक्कसोडीवर मुकाट सही करायची आणि भावाने जन्मभर साडी-चोळी करायची, अशी रीत. सुमनताईंनी ती मोडली. धाकट्या भावाने, सोपानने, त्या दिवसापासून बोलणं टाकलं. ज्याला त्यांनी कडेवर घेऊन वाढवलं, तो त्यांना पाहिलं की रस्ता ओलांडून पलीकडच्या टपरीवर जाऊन उभा राहायचा. पुढे तो चाकणला कंपनीत लागला आणि दिसेनासाच झाला. कोणी मध्यस्थी करायला गेलं तर हात हलवत परत यायचं. मीही एकदा गेलो होतो.

कॅफेत कॉलेजची पोरं एक ऑनलाइन खेळ खेळत. जगभरातली माणसं एकाच वेळी त्यात उतरायची, कोणी योद्धा व्हायचं, कोणी जादूगार, आणि टोळ्या करून राक्षसांवर तुटून पडायचं. बोरीच्याच एका पोराने ताईंना सांगितलं, की सोपानही चाकणला हाच खेळ खेळतो आणि त्याच्या योद्ध्याचं नाव 'ढवळ्या' आहे. ढवळ्या त्यांच्या वडिलांचा बैल. ज्या बाईने तोवर माऊसला हात लावला तो धूळ पुसण्यापुरता, तिने त्या आठवड्यात खेळ शिकून घेतला. त्या झाल्या जखमा बऱ्या करणाऱ्या वैद्य. ढवळ्या मार खाऊन पडला की या मागून जाऊन त्याला उभं करायच्या. तो त्यांना डॉक्टर म्हणायचा. कुठले म्हणून विचारलं तेव्हा यांनी संगमनेर ठोकून दिलं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की भिंतीपलीकडून कीबोर्डचा आवाज यायचा. सोपान इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. सुपरवायझर त्रास देतो, पोरगी झाली, तिचं नाव काय ठेवावं, असं सगळं तो डॉक्टरला सांगायचा. भाची झाल्याचं ताईंना असं कळलं. त्या दिवशी त्यांनी चौकात पेढे वाटले, पण कशाचे ते सांगितलं नाही.

मग खेळाच्या परदेशी कंपनीने जाहीर केलं, की हा खेळ आता कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या यंत्रावर, येणार. त्यात कंपनीने आपलं सगळं घातलं होतं. चाललं तर खेळाला बरकत, नाहीतर काही खरं नाही, असं पोरं बोलत होती. मात्र चालणार नाही असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सगळीकडे जल्लोष चालू होता. ताईंनी बातमी ऐकली आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"पडणार हे," त्या म्हणाल्या.

का, म्हणून मी विचारलं. "लोकं काय तलवारी फिरवाया येतात व्हय भाऊ? गप्पा माराया येतात. त्या डब्याला टायपायला कीबोर्डच न्हाई. मुक्यांचा बाजार कोण भरवणार?"

मी हसलो. ताई, तुमचं आजवर कधी खरं झालंय का, असं विचारलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. खरंच की, म्हणाल्या, आपण पडणार म्हटलं म्हणजे चालणारच. पुढचे काही दिवस त्या भेटेल त्याला मुद्दाम सांगत सुटल्या, की हे पडणार, सपशेल पडणार. आपल्या चुकण्यावर इतका भरवसा ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. तरी एक दिवस हळूच येऊन त्यांनी माझ्याकडून कंपनीला इंग्रजीत चार ओळी लिहवून घेतल्या: यंत्राला कीबोर्ड द्या, माणसांना बोलू द्या. आपल्या सूचनेबद्दल आभार, असं ठरावीक उत्तर आलं. त्यांनी ते दोनदा वाचून दाखवायला लावलं.

खेळ कन्सोलवर आला आणि पडला. कुणी घेतलाच नाही म्हणा ना. काही महिन्यांनी कंपनीने हात वर केले. नवं तर बंदच, कॉम्प्युटरवरचं जुनंही अमुक दिवशी बंद. पोरांनी हळहळ केली आणि दुसरा खेळ धरला. ताई मला म्हणाल्या, "सारी जिंदगी चुकले. एकदा बरुबर आले, ते हितंच यायचं व्हतं का?" सांत्वन कशाचं करायचं, हेच मला कळेना.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बोलावून शेजारी बसवलं. पडद्यावर एक ओसाड गाव होतं आणि विहिरीपाशी ढवळ्या उभा होता. डॉक्टर त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. तुमच्यामुळं लई वेळा वाचलो डॉक्टर, असं त्याने लिहिलं. मी ताईंना म्हटलं, आता सांगून टाका, जातंच आहे सगळं. त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं, त्याकडे बघत राहिल्या आणि एकेक अक्षर मागे घेतलं. मग लिहिलं, जेवलास का?

तो म्हणाला, अजून नाही, पोरगी मांडीवर झोपलीय.

ताई पुढचं लिहीत होत्या. अर्ध्या वाक्यात पडदा करडा झाला. संपर्क तुटल्याची इंग्रजी पाटी आली. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं, तीच पाटी पुन्हा आली.

चाकणला त्याची कंपनी कुठली ते माहीत आहे, मी म्हटलं. तिथून फोन नंबर काढतो, आत्ताच्या आत्ता लावू. माझा आवाज उगाच मोठा झाला होता. ताईंनी मान हलवली.

"तो माज्याशी कुठं बोलत व्हता भाऊ," त्या म्हणाल्या. "डॉक्टरशी बोलायचा. डॉक्टर गेला आज."

त्या उठल्या आणि मोरीपाशी गेल्या. मयतीवरून आल्यासारखे त्यांनी हातपाय धुतले, चूळ भरली, पदराने तोंड पुसलं. मी तिथेच बसून होतो.