चार श्लोकांचे अंतर

कारेलीबागेतील आमच्या सोसायटीच्या आवारात, फाटकाजवळच्या खांबापासून मागच्या भिंतीलगतच्या गणपतीच्या घुमटीपर्यंत, बरोबर तीस मीटर अंतर आहे. माझ्या नातीने ते गेल्या कार्तिकात टेपने मोजले. त्यापूर्वी कित्येक वर्षे मी रोज सकाळी त्या वाटेने दर्शनाला जात होतो. परंतु ती वाट किती लांब आहे हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तो पडला माझ्या पत्नीच्या दुखण्यामुळे. तिचा उजवा हात थरथरू लागला होता, आणि पाऊल उचलताना पाय जमिनीला चिकटून राहतो असे ती म्हणे. मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी कंपवाताचे निदान केले, गोळ्या लिहून दिल्या आणि मला एक काम सोपवले. ठरावीक अंतर चालायला तिला किती वेळ लागतो, ते रोज वहीत लिहायचे. "मोबाइलमां टाइम जोई लेजो, काका," ते गुजरातीत म्हणाले. चालणे मंदावू लागले तर त्याच आठवड्यात यायचे, कारण गोळीचे प्रमाण त्या वहीवरूनच ठरणार, हेही त्यांनी बजावले.

नात तेव्हा नववीत होती. सुभानपुऱ्याहून ती रविवारी आई-वडिलांसोबत येई, आणि तिच्या परीक्षेला नेमका गतीचा धडा होता. वही आखून देण्याचे काम तिने आपण होऊन घेतले.

"आजोबा, अंतर भागिले वेळ म्हणजे स्पीड."

"चाल," मी म्हणालो.

"तेच. आणि व्हेलॉसिटी म्हणजे तुमचा वेग. त्याला दिशा लागते. अंतर नाही घ्यायचं, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे एवढंच बघायचं. आजी घुमटीपर्यंत गेली आणि परत खांबाशी आली, तर डिस्प्लेसमेंट झीरो. म्हणून सरासरी वेग पण झीरो."

"म्हणजे मी गेलेच नाही म्हणा," पत्नी शेंगा सोलता सोलता म्हणाली. "मग हे गुडघे कोणाचे दुखताहेत गं?"

"चाल झीरो नाही ना आजी! गुडघे चालीचे."

मला राहवेना. मी विचारले, "आणि प्रदक्षिणा?"

नातीने क्षणभर विचार केला आणि जीभ चावली. "झीरो. पण देवाला सांगू नका."

आम्ही तिघेही हसलो. आमच्या घरात इतक्या मोकळेपणाने आम्ही नंतर हसल्याचे मला आठवत नाही.

त्वरण तिने शेवटी समजावले. वेगात जितका बदल झाला, त्याला तो बदल होण्यास लागलेल्या वेळाने भागायचे. वेग वाढत असेल तर उत्तर धन, घटत असेल तर ऋण. मी ते सुवाच्य अक्षरांत वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले. डॉक्टरांना जे हवे होते ते हेच होते, हे मला नीट कळले. तिच्या चालण्याचे त्वरण ऋण होऊ लागले, तर ते सर्वांआधी मला दिसायला हवे होते.

आता वेळ मोजण्याविषयी. माझे बालपण घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या एका पाठशाळेत गेले. तिथे गुरुजींनी आम्हाला पठणाच्या तीन लयी शिकवल्या होत्या: द्रुत, मध्य आणि विलंबित. अभ्यासासाठी द्रुत, नित्यपाठासाठी मध्य, शिष्याला शिकवताना विलंबित. मध्य लय एकदा अंगात मुरली की श्लोकाला लागणारा वेळ जन्मभर बदलत नाही, असे ते सांगत. आणि लय चुकली की पाटावर बोटाने टकटक करीत. माझी ती लय मुरली होती. घराण्यात चालत आलेले देवीचे स्तोत्र मी रोज म्हणतो, आणि पत्नीने त्याच्यावर अर्धा संसार चालवला. "अहो, तीन आवर्तनं झाली की गॅस बंद करा," असे ती सांगून जाई, आणि भात कधी करपला नाही.

शिवाय फिरताना माझ्या एका हातात तिचा हात असे आणि दुसऱ्यात काठी. मोबाइल धरायला तिसरा हात कोठून आणावा? मी नातीला म्हटले, मी श्लोक मोजतो. तिने माझी परीक्षा घेतली. मोबाइल लावून मला दहा वेळा श्लोक म्हणायला लावला. प्रत्येक वेळी आठ सेकंद.

"आजोबा, तुम्ही घड्याळच आहात!"

हे ऐकून मला सुख झाले, हे लपवीत नाही.

पहिल्या दिवशी खांबापासून घुमटीपर्यंत चार श्लोक झाले, म्हणजे बत्तीस सेकंद. तीस भागिले बत्तीस. सेकंदाला सुमारे चौऱ्याण्णव सेंटीमीटर. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी चार. क्वचित चार आणि वर एखादा चरण. प्रत्येक महिन्याच्या अखेरीस मी गणित मांडीत असे: वेगातील बदल शून्य, म्हणून त्वरण शून्य. ते लिहून झाले की वही कपाळाला लावीत असे. माघात डॉक्टरांनी ती चाळली. "बहु सरस, काका. एज दवा चालु राखजो." गोळी तेवढीच राहिली. दुसऱ्या दिवशी मी घुमटीत गणपतीपुढे खडीसाखर ठेवली.

आज मागे पाहता काही गोष्टी आठवतात. पूर्वी मुलांना शाळेला नेणारी व्हॅन फाटकाशी येई, तेव्हा आम्ही घुमटीपाशी हात जोडून उभे असू. फाल्गुनात ती येई, तेव्हा आम्ही वाटेतल्या पाण्याच्या मोटरीपाशीच असू. मला वाटे, व्हॅन हल्ली लवकर येते. समोरच्या बिऱ्हाडातल्या बहेन एकदा म्हणाल्या, "काकी थाकी गया लागे छे." मी त्यांना सांगितले, दमलेली नाही हो, वहीत सगळे लिहिलेले आहे.

वैशाखात सुट्टीसाठी नात आठ दिवस राहायला आली. एके सकाळी तीही आमच्याबरोबर खाली उतरली आणि मागून मोबाइल घेऊन चालू लागली. घुमटीपाशी पोहोचल्यावर पत्नी बाकड्यावर बसली.

"किती, आजोबा?"

"चार."

 ती मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, "अठ्ठेचाळीस."

"तुझे यंत्र उशिरा थांबले असेल."

"मी आजीचा पाय पायरीला लागला तेव्हाच दाबलं." ती माझ्याकडे पाहत राहिली. "इथे बसा, आणि एक श्लोक म्हणा बरं."

मी बाकड्यावर बसलो, डोळे मिटले आणि म्हटला. तिने आकडा दाखवला. आठ सेकंद.

"पाहिलेस?" मी म्हणालो. "लय जागेवर आहे."

"हो आजोबा. बसलात की आहे."

  परतीच्या वाटेवर तिने पुन्हा मोजले. पत्नीचा हात हातात घेऊन मी म्हटलेला प्रत्येक श्लोक बारा सेकंदांचा होता. चार बारे अठ्ठेचाळीस. तिचे पाऊल मंदावत गेले होते, आणि त्या पावलाला धरून माझी लयही दिवसादिवसाने विलंबित होत गेली होती. जे मोजायचे, त्याच्याच चालीवर मोजणारा चालला होता. वहीत मग चारच येणार. दोघे एकाच वेगाने बरोबर चालत असले तर एकमेकांच्या दृष्टीने ते स्थिर असतात, हे नातीच्या त्याच धड्यात होते आणि तिने मला ते वाचूनही दाखवले होते.

घरी येऊन मी खरे गणित मांडले. कार्तिकात चौऱ्याण्णव, वैशाखात साडेबासष्ट. सहा महिन्यांत साडेएकतीसची घट. दरमहा पाच सेंटीमीटर प्रतिसेकंदाहून थोडी अधिक. उत्तर ऋण. नातीने ते तपासले आणि हळू आवाजात म्हणाली, "हे सरासरी आहे, आजोबा. एकदम कधी उतरलं ते यातून नाही कळणार."

चालणे कोणत्या महिन्यापासून उतरले, डॉक्टरांनी नेमके तेच विचारले. "कया महिनाथी, काका?" माझ्या मांडीवर सहा महिन्यांची वही होती, एकही दिवस न चुकवता लिहिलेली, आणि तिच्यात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्यांनी चार पाने उलटली, ती मिटली आणि माझ्याकडे सरकवली. रागावले नाहीत. गोळी वाढवली. माघातच वाढवायला हवी होती, असे म्हणाले. आता काही सुधारेल, परंतु अंगात जो ताठरपणा बसला आहे तो सगळा निघेलच असे नाही. पत्नी शेजारच्या खुर्चीत बसून भिंतीवरचे कॅलेंडर पाहत होती.

त्या संध्याकाळी देवापुढे निरांजन लावून झाल्यावर मी तिला विचारले, "मी सावकाश म्हणू लागलो आहे, हे तुझ्या लक्षात आले नव्हते का?"

"आलं होतं की. होळीच्या आधीच."

"मग बोलली का नाहीस?"

ती पदराशी चाळा करीत बसली. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम माझ्यासाठी सावकाश म्हणता. बरं वाटायचं. वहीचं माझ्या मनातही आलं नाही हो."

 समईतले तेल पाहण्याच्या निमित्ताने मी उठलो.

आता मुलाने आणलेले एक सेकंद-घड्याळ दोरीने माझ्या गळ्यात असते. काठी क्षणभर काखेत धरून मी ते खांबापाशी दाबतो आणि घुमटीच्या पायरीपाशी पुन्हा दाबतो. पहिल्या दिवशी मी स्तोत्र म्हटलेच नाही. म्हटले, मोजणी शुद्ध असावी. मोटरीपाशी तिचा पाय अडला आणि उचलेना. ती घाबरून माझ्याकडे पाहू लागली. "म्हणा ना," ती म्हणाली. मी सुरू केले, तेव्हा कुठे पाऊल निघाले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी नंतर सांगितले की अशा रोग्यांना लयीचा आधार होतो. सहा महिने जे तिला चालवीत होते, त्यानेच मला फसवले होते.

म्हणून मी म्हणतो, तिच्या पावलाने, जितके सावकाश लागेल तितके. श्लोक मोजत नाही. घड्याळ छातीवर आपले आपण चालत राहते.

काल घुमटीपाशी पोहोचल्यावर तिने विचारले, "किती?"

"एक्कावन्न."

"आणि परवा?"

"पन्नास."

व्हॅन केव्हाच निघून गेली होती. तिने गणपतीला हात जोडले. उजवा हात डाव्याला भेटायला थोडा वेळ लागला. मग माझा दंड धरून म्हणाली, "लिहा हं घरी गेल्यावर. एक्कावन्नच लिहा."