गोचिडींचा पेपर

पीएच.डी.ला माझा विषय होता मेंढरांच्या अंगावरच्या गोचिडी. घर आमचं मेंढरांचं, आटपाडीच्या पुढचं, त्यामुळं विषय शोधायला कुठं जावं लागलं नाही. आबांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं तर ते म्हणाले, "गोचिडी मोजाय कालिजात जावं लागतंय व्हय? हितं काय कमी हायत्या?" पण एकेक मेंढरू धरून, मी कानात, शेपटीखाली, मांडीत बोटं घालून मोजत असताना तासन्‌तास उभे तेच राहिले. दुसरं कुणी राहिलं नसतं.

सांगलीच्या कॉलेजातल्या माझ्या गाईड मॅडम कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. वर्षभराची मोजणी झाल्यावर मी पहिला पेपर लिहून त्यांच्यापुढं ठेवला. सुरुवातीलाच मी लिहिलं होतं की मेंढीपालन हा ग्रामीण जीवनाचा कणा आहे. मॅडमनी पेन उचललं.

"हे तू मोजलंस?"

"नाही मॅडम."

"मग लिहिलंस कशाला?"

पुढं प्रत्येक वाक्याला त्यांचा हाच प्रश्न. माझं इंग्रजी बी.एस्सी.पर्यंत पाठांतराचं होतं. मोठे शब्द घातले की पेपर भारी होतो, अशी माझी समजूत. त्यांनी तो सगळा पालापाचोळा झाडून काढला. मोजायची पद्धत अशी लिहायची, की परक्या देशातल्या माणसानं मेंढरू धरलं तरी त्याला तसंच मोजता यावं. जे दिसलं ते एका भागात, त्यावरून काय वाटलं ते दुसऱ्यात, दोन्हींची भेसळ करायची नाही. मी लिहायचे, त्या खोडायच्या. शेवटी हाती उरलं ते थोडंच होतं, पण त्यातलं प्रत्येक वाक्य माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. लोकर कातरल्यावर गोचिडी कमी होत नाहीत, त्या कानात सरकतात, एवढंच आमचं म्हणणं. आबांचं नाव आभारात घालू का, असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, "घाल की. त्यांच्याशिवाय झालं असतं का?" त्या दिवशी मला त्या फार मोठ्या वाटल्या.

पेपर एका चांगल्या जर्नलकडं पाठवला. कित्येक महिन्यांनी उत्तर आलं. तपासणाऱ्यांपैकी एकानं लिहिलं होतं, की मोजणी एकाच वर्षाची आहे आणि तेही दुष्काळाचं. आणखी एक वर्ष मोजा, मग बोलू. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडतेस काय?" मॅडम म्हणाल्या. "नाकारलेलं नाही त्यांनी. दुसरं वर्ष मागतायत, म्हणजे पहिलं नीट वाचलंय."

हे वाक्य घेऊन मी वर्षभर राबले. दिवाळीनंतर कळप लोणंदच्या बाजूला गेला, तशी मीही सुट्ट्या टाकून मागनं गेले. रिकाम्या रानात वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं कोंडलेली, आबा धरायचे, मी मोजायचे. लग्नाचं वय चाललं म्हणून आई फोनवर रडायची. त्या वर्षी पाऊस चांगला झालेला, गोचिडी जास्त होत्या, पण कातरणीनंतर त्या कानातच सरकल्या. आमचं म्हणणं टिकलं. एवढा आनंद मला डिग्री मिळाल्यावरही झाला नाही.

सुधारलेला पेपर मॅडमना दाखवला तर त्या म्हणाल्या, "थोडं थांब." कशासाठी ते बोलल्या नाहीत. प्राध्यापकपदाच्या बढतीच्या मुलाखतीच्या गडबडीत असतील, असं मला वाटलं. जर्नलनं दिलेली मुदत संपत आली तेव्हा पुन्हा विचारलं. त्यांनी होकाराची मान हलवली. मी पेपर पाठवला.

संपादकांची मेल आठवड्याभरातच आली. हे संशोधन दुसरीकडं आधीच छापून आलं आहे, तेव्हा विचार करता येणार नाही. छापलेलं काम पुन्हा पाठवणं हा गंभीर गैरप्रकार आहे, खुलासा करावा. खाली लिंक होती. पैसे भरले की काहीही छापणारं एक जर्नल. त्यात आमचा जुना, एकाच वर्षाचा पेपर. पहिलं नाव मॅडमचं. दुसरं विभागप्रमुखांचं, ज्यांनी मेंढराला कधी हात लावलेला नव्हता. तिसरं माझं. आभारात आबा नव्हते, संस्थाचालक होते.

मी तशीच त्यांच्या केबिनमध्ये गेले. मेल वाचून त्यांनी चष्मा काढला.

"मुलाखतीला पेपर कमी पडत होते माझे. ही संधी गेली असती तर मी तशीच रिटायर झाले असते."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"म्हणून नाही सांगितलं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुझं नाव आहे ना त्यात? आणखी काय पाहिजे?"

"संपादकांना तुम्ही लिहा मॅडम. चोर मी ठरलेय."

"बघते," म्हणाल्या. लिहिलं नाही.

शेवटी मीच लिहिलं. खरं लिहायचं तर गाईडचं नाव घ्यावं लागणार, आणि माझा प्रबंध त्यांच्या सहीवाचून पुढं सरकणार नव्हता. सहलेखकांमधल्या गैरसमजातून हे घडलं, असं लिहिलं आणि माफी मागितली. त्या खुलाशातलं एकही वाक्य खरं नव्हतं. मॅडमना दाखवलं असतं तर व्याकरणाची एक चूकही निघाली नसती.

मॅडम प्राध्यापक झाल्या. मलाही डिग्री मिळाली, सत्काराला त्यांनीच शाल घातली. ते पैसेवालं जर्नल पुढं मान्यताप्राप्त यादीतून गेलं आणि आता तर त्याचं पानही उघडत नाही. दुसऱ्या वर्षाची मोजणी मी आणखी दोन जर्नलांकडं पाठवून पाहिली. यात नवीन काय, असं दोघांनीही विचारलं.

आता मी साताऱ्यात तासिका तत्त्वावर शिकवते. गेल्या उन्हाळ्यात कायमच्या जागेसाठी मुलाखत झाली. समितीतल्या एका गृहस्थांनी मोबाईलवर माझा पेपर शोधला.

"सापडत नाही हो तुमचा हा पेपर."

"ते जर्नल बंद पडलं, सर."

"अशा ठिकाणी छापायचंच कशाला?" ते शेजारच्यांकडं बघून म्हणाले. "आजकालच्या मुलांना धीर नाही."

मी धीराबद्दल काहीतरी बोलणार होते. पण त्यांनी माझी फाईल मिटून बाजूला ठेवली होती आणि शिपाई पुढच्या उमेदवाराला आत घेत होता.