रक्त घेणारा माणूस

लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर मी एकदा परक्या बाईकडे गेलो. महिनाभर झोप आली नाही. आर्णीत सगळे ओळखतात म्हणून एचआयव्हीची तपासणी करायला यवतमाळच्या दवाखान्यात गेलो आणि घाबरून मेहुण्याचं नाव सांगितलं.

रक्त घेणारा माणूस माझ्याच वयाचा होता. तो अंगठ्यानं शीर चाचपायचा, तेव्हा भिंतीकडे पाहायचा. त्यानं मेहुण्याचं नाव पुकारलं. बाकावर मी एकटाच होतो, तरी मी मागे वळून पाहिलं.

"या भाऊ, तुमीच," तो म्हणाला. "इथं पहिल्या हाकेले कोनीच उठत नाही."

रिपोर्ट निगेटिव्ह आला. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आणि तोवर निरोध वापरायचा, असं त्यानं सांगितलं.

"बायको विचारीन ना, काहून म्हनून."

"मंग सांगा. तिले तुमचं खरं नाव मालूम हाय."

मी घरी जाऊन सांगितलं. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "माही तपासनी कधी करता?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्याच्यासमोर होतो. त्यानं मला ओळख दाखवली नाही. सुई हातात घेऊन तो तिला म्हणाला, "ताई, दुखलं तर सांगजा."

मला त्यानं असं काही म्हटलं नव्हतं.