आत्याने कापलेला टायर

झिजलेल्या टायरवर नवा पट्टा चढवून देणाऱ्या त्या दुकानाच्या मालकिणीला सगळे आत्या म्हणायचे. सख्खा भाचा एकच, पण आडदांड ड्रायव्हरांपासून समोरच्या न्हाव्यापर्यंत जो तो तिला आत्याच म्हणायचा, आणि तीही प्रत्येकाचा कान पिळायचा हक्क बजावायची. वडिलांच्या माघारी भावाने ट्रक घेतला, तिने दुकान घेतलं. बाईमाणसाला हे काळं काम झेपायचं नाही, असं म्हणणारे म्हणून म्हणून थकले. आत्या काही थकली नाही.

खनिज तेलाचे भाव चढले की लोक तिला चिडवायचे, "आत्या, तुझी तर पाचही बोटं तुपात!" त्यात खोटं काही नव्हतं. तेल महागलं की रबर महागतं, नवा टायर परवडेनासा होतो आणि सगळे जुना घेऊन तिच्या दारात रांग लावतात. पण आत्याने असे चढउतार पूर्वीही पाहिले होते. "ही सूज आहे रे, बाळसं नव्हे," ती म्हणायची. महागाई फार टिकली की माल उठत नाही, ट्रक जागेवर उभे राहतात, आणि उभ्या ट्रकचा टायर झिजत नाही. म्हणून हाताला काम होतं तोवरच तिने दुकानामागे पट्टा भाजून चिकटवायच्या दुसऱ्या भट्टीची खोली बांधायला काढली होती. भट्टी आली म्हणजे आणखी दोन माणसांना काम देता येणार होतं, तसं तिने त्यांना सांगूनही ठेवलं होतं. भिंती कमरेपर्यंत चढल्या होत्या.

दुकानाचा एक नियम वडिलांपासूनचा. आतून मेलेल्या टायरवर पट्टा चढवायचा नाही, आणि तो नुसता परतही द्यायचा नाही. मालकादेखत कापायचा, म्हणजे दुसरा कोणी त्याला रंगरंगोटी करून रस्त्यावर सोडणार नाही. या नियमापायी तिने चांगली चांगली गिऱ्हाइकं घालवली होती.

एके सकाळी भाचा ट्रकचे मागचे दोन टायर घेऊन आला. बापाचा ट्रक आता तोच चालवायचा. एका व्यापाऱ्याचं सिमेंट घाटापलीकडे पोचवायचा. आत्याने टायरच्या पोटात दिवा धरला, हात फिरवला आणि मान हलवली.

"दोन्ही मेलेत. तारा तुटल्यात आतून."

"एकच खेप, आत्या. नुसता घाट चढून उतरायचाय."

"चढशील रे. उतरायचं काय?"

"मग नवे कुठून आणू? डिझेल वाढलं, टोल वाढला, टायर वाढले. भाडं तेवढं गेल्या वर्षीचंच. शेठ म्हणतो, परवडत नसेल तर सोड, बाहेर पन्नास ट्रक उभे आहेत."

"आणि तू ऐकून घेतलंस? अरे, वाढलेला भाव हवेत विरत नाही. भाड्यात शिरला नाही म्हणून तो या टायरात शिरला. उद्या तुझ्या बरगड्यांत शिरेल."

हे पोर तिच्या मांडीवर वाढलं होतं. तिने कापायचं यंत्र चालू केलं.

"कापू नकोस! आजची खेप चुकली तर काम जाईल. काम गेलं तर ट्रक विकावा लागेल मला!"

तिने दोन्ही टायर कापले. भाचा पायरीवर बसला आणि म्हणाला, "माझ्या पोटावर पाय दिलास तू." ते आत्याला लागलं. पण ती हात पुसून म्हणाली, "यातला एक हातगाडीवर टाक. शेठकडे जाऊ."

व्यापाऱ्याच्या टेबलावर कागद होते, त्यांवरच तिने टायर ठेवला. "हा तुमच्या मालाखाली धावणार होता."

व्यापारी माणूस वाईट नव्हता. त्याने कापलेल्या जागी बोट घालून तुटक्या तारा पाहिल्या. "मी भाडं वाढवलं तर गोणी महागणार, आत्या. गोणी महागली की लोक घरं बांधायचं थांबवतात. मग मी विकू काय?"

"खरं आहे तुमचं," आत्या म्हणाली. "पण दरीत सांडलेलं सिमेंटही विकता येत नाही. डिझेल वाढेल तसं भाडं वाढवा, उतरेल तसं उतरवा. उतरल्यावर हा कुरकुरला, तर याचे कान मी धरते."

"आणि गोणी महागल्यावर पहिली ओरड तुमचीच येईल. तुमचंच बांधकाम निघालंय."

"नाही ओरडणार."

"बघा हं. नंतर घासाघीस चालायची नाही."

"शब्द दिला."

व्यापाऱ्याने डिझेलप्रमाणे भाडं वाढवायचं कबूल केलं, खेप दोन दिवस पुढे ढकलली आणि नव्या टायरांसाठी भाड्यातून आगाऊ रक्कम दिली. बाहेर आल्यावर भाच्याने हातगाडी आत्याला ढकलू दिली नाही.

पुढच्या आठवड्यात तोच ट्रक आत्याच्याच गोण्या घेऊन दुकानामागे येऊन थांबला. आत्या आधी मागच्या चाकाशी गेली, नव्या टायरच्या खाचांवरून तळवा फिरवला आणि मग बिल हातात घेतलं. घासाघीस केली नाही. या भावात भिंती पुऱ्या होणार होत्या, छपराला काही उरत नव्हतं. दोन माणसांना दिलेली आशा आता लांबणार, याचं तिला वाईट वाटत होतं.

गवंड्याने बिलात डोकावून कपाळाला हात लावला. "काय ही महागाई! कोण वाढवतं हो हे भाव?"

"यातला थोडा मीच वाढवलाय," आत्या म्हणाली. "छप्पर पुढच्या वर्षी घालू. तू भिंती नीट बांध, त्या काही पळून जात नाहीत."

गवंडी हसला. त्याला वाटलं, आत्या थट्टा करतेय. भाचा मात्र हसला नाही. त्याने हमालाला थांबवलं आणि पहिली गोणी स्वतःच्या खांद्यावर घेतली.